पस्तीस मिनिटांचा केक: होस्टेलची खोली, मैत्री आणि कुणासाठी तरी राखून ठेवलेला तुकडा

दुसऱ्या वर्षाला आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. त्यातल्या दोघी नऊ दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण किरकोळ होतं, नोट्स न विचारता घेतल्याचं, पण अबोला खरा होता आणि मध्ये मी होते. एका संध्याकाळी मजल्यावरच्या कॉमन किचनमध्ये मी केक भाजायला ठेवला. वास सुटला तशी आधी एक आली, मग दुसरी. दोघी ओव्हनच्या काचेसमोर उभ्या राहून तो फुगताना बघत होत्या. "मधोमध भेग पडतेय," एक म्हणाली. "पडू दे, वाफ जातेय तिथून," दुसरी म्हणाली. नऊ दिवसांतलं ते पहिलं बोलणं.

केक भाजायला साधारण ३५ मिनिटं लागतात. त्या वेळात हाताला काही काम नसतं आणि सोडून जाताही येत नाही, त्यामुळे माणसं तिथेच घुटमळतात आणि बोलायला लागतात. कॉलेजच्या धावपळीत अशी रिकामी वेळ दुसरीकडे कुठे मिळते, मला तरी सापडलेली नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, दहा प्रकार शिकू नका. एकच साधा केक इतका नीट शिका, की तो करताना तुमचं लक्ष माणसांकडे राहील. तो केक खाली सविस्तर देते आहे.

कोण काय खात नाही, ते आधी विचारा

सामान आणण्याच्याही आधी हे करायचं. ग्रुपवर एक मेसेज टाका: अंडं, दूध, शेंगदाणे, सुकामेवा, गहू, यातलं काही कुणाला चालत नाही का? 'आवडत नाही' आणि 'त्रास होतो' यांतला फरकही विचारून घ्या. ज्यांना ॲलर्जी असते ती माणसं बऱ्याचदा आपण होऊन बोलत नाहीत. सगळ्यांचा आनंद आपल्यामुळे अडायला नको म्हणून "मला भूक नाही" म्हणतात. आमच्या वर्गातला एक मित्र वर्षभर प्रत्येक वाढदिवसाला हेच म्हणत होता. त्याला अंड्याची ॲलर्जी आहे, हे आम्हाला पुढच्या वर्षी कळलं. त्याच्यासाठी पहिल्यांदा बिनअंड्याचा केक केला, तेव्हा त्याने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा कागदात गुंडाळून नेला. मी तेव्हापासून विचारल्याशिवाय काहीही करत नाही.

बेकिंग पावडरच्या इतिहासातही अशीच एक गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला, एलिझाबेथ यांना, अंडं आणि यीस्ट दोन्ही चालत नसे. बर्ड यांनी १८३७ मध्ये तिच्यासाठी बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं आणि १८४३ मध्ये यीस्टशिवाय पाव फुगावा म्हणून स्वतःची बेकिंग पावडर बनवली. आपल्या माणसाला काय खाता येत नाही, याचा विचार करता करता त्यांच्या हातून हे घडलं. मला ही गोष्ट फार आवडते.

इथला केक बिनअंड्याचा आणि बिनदुधाचा आहे. मैदा मात्र गव्हाचाच आहे. ज्यांना गहू चालत नाही, त्यांच्यासाठी अंदाजाने दुसरं पीठ घालू नका. केक बिघडेल, आणि भांड्या-चमच्यांना लागलेला मैदाही त्यांना त्रास देऊ शकतो. त्यांच्यासाठी त्यांना नक्की चालणारं काहीतरी वेगळं आणा.

सामान

२० सेंमी (८ इंची) गोल टिनसाठी. आठ जणांना पुरतो.

- मैदा: दीड कप (सुमारे १९० ग्रॅम)
- साखर: १ कप (२०० ग्रॅम), बारीक दाण्याची
- बिनसाखरेची कोको पावडर: पाव कप (सुमारे २५ ग्रॅम)
- बेकिंग सोडा: १ छोटा चमचा
- मीठ: अर्धा छोटा चमचा
- पाणी: १ कप (२४० मिली)
- वास नसलेलं तेल: एक तृतीयांश कप (८० मिली)
- पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस: १ मोठा चमचा
- व्हॅनिला इसेन्स: १ छोटा चमचा

कप म्हणजे २४० मिली, मोठा चमचा १५ मिली, छोटा ५ मिली. चहाचा कप किंवा जेवणाचा चमचा घेऊन मोजलंत तर सोड्याचं प्रमाण हमखास चुकतं. मोजायचे कप-चमचे वर्गणी काढून एकदाच घ्या, खोलीतल्या सगळ्यांचे होतील. मैदा पिशवीत कप खुपसून भरू नका. दाबून भरलेल्या कपात २०-३० ग्रॅम मैदा सहज जास्त बसतो आणि केक कोरडा होतो. चमच्याने हलवून मोकळा करा, कपात सोडा आणि वरून सुरीच्या पाठीने सपाट करा.

ड्रिंकिंग चॉकलेट कोकोच्या जागी चालत नाही, त्यात बहुतांश साखरच असते. आणि सोड्याचा डबा कधीपासून उघडा आहे हे कुणालाच माहीत नसेल, तर चिमूटभर सोड्यावर थोडं व्हिनेगर टाकून बघा. जोरात फसफसला तर चांगला. नुसता ओला झाला तर नवा आणा. शेअर केलेल्या किचनमध्ये ही तपासणी दर वेळी करावी, असं माझं मत आहे.

कृती

१. सुरुवात ओव्हनपासून. १८० अंश सेल्सिअसला लावून १०-१५ मिनिटं तापू द्या, जाळी मधल्या खणात ठेवा. या केकचं मिश्रण तयार झाल्यावर थांबू शकत नाही, म्हणून ओव्हन आधी तापलेला हवा. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) खोलीत लावत असाल तर आधी होस्टेलचे नियम बघा. परवानगी असली तरी तो भिंतीतल्या सॉकेटवर लावा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर किटली आणि ओव्हन दोन्ही कधीही नको.

२. टिनला आतून तेलाचा हात फिरवा आणि तळाला बटर पेपर घाला. हा केक मऊ असतो, पेपर नसेल तर तळ चिकटून राहतो.

३. मैदा, कोको आणि सोडा एकत्र चाळून घ्या. कोकोच्या गाठी चाळणीत बोटांनी मोडा. चाळणी टाळू नका. सोड्याची एक गाठ जरी तशीच राहिली तरी खाताना तोंडात कडू, साबणासारखी चव येते. मग साखर आणि मीठ घालून कोरडंच हलवा.

४. दुसऱ्या भांड्यात पाणी, तेल आणि इसेन्स घ्या. व्हिनेगर अगदी शेवटी.

५. कोरड्या मिश्रणात खड्डा करून ओलं ओता आणि साध्या चमच्याने किंवा व्हिस्कने हलवा. कडेचं मधे, खालचं वर. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. चार-दोन बारीक गाठी राहिल्या तरी चालतील. इथे बहुतेकांचा हात थांबत नाही. मैद्याला पाणी लागून तो जितका घोळला जाईल तितकं त्यातलं ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) ताणलं जातं आणि केक चिवट होतो. इलेक्ट्रिक बीटरची इथे गरजच नाही.

मिश्रणाकडे नीट बघा. सुरुवातीला पातळ वाटतं, मग काही सेकंदांत वर बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि रंग किंचित फिकट होतो. सोडा आणि व्हिनेगर भेटल्याबरोबर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तेच ते बुडबुडे. केक हलका होतो तो या वायूने. म्हणून इथून पुढे फोन उचलायचा नाही.

६. लगेच टिनमध्ये ओता. टिन ओट्यावर एकदाच हलका आपटा, म्हणजे मोठे बुडबुडे फुटतील. सरळ ओव्हनमध्ये.

७. पहिली २० मिनिटं दार उघडू नका. या वेळात वायू आणि वाफ केक वर उचलत असतात, पण त्याला आधार देणारा स्टार्च अजून घट्ट झालेला नसतो. दार उघडलं, उष्णता खाली आली, की मधला भाग बसतो आणि पुन्हा वर येत नाही. काचेतून हवं तेवढं बघा.

८. ३० व्या मिनिटाला मधोमध टूथपिक घालून बघा. ओलं पीठ चिकटलं तर आणखी ४-५ मिनिटं. एखाददुसरा ओलसर कण चालतो. कडा टिनपासून सुटल्या आणि बोटाने हळूच दाबल्यावर केक परत वर आला, की झाला.

९. टिनमध्येच १० मिनिटं राहू द्या, मग जाळीवर उलटा करून कागद काढा. कापायला तासभर थांबा. गरम केक कापला तर तो तुटतो, आणि वाफ निघून गेल्याने दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो. हा तासभर सगळ्यांत अवघड जातो, मला माहीत आहे. भांडी याच वेळात घासायची.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण खोलीखोलीत हे चालतं. "अंडं नाहीये ना, मग भांडं चाटायला काय हरकत आहे?" हरकत आहे. मैदा कच्चा असतो, आणि कच्च्या पिठात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. भाजल्यावर ते मरतात, भांड्यातल्या मिश्रणात नाही. परीक्षेच्या आठवड्यात तर हा धोका मुळीच घेऊ नका.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाचं मोठं पातेलं आणि त्यावर घट्ट बसणारं झाकण घ्या. तळाशी स्टीलचं रिंगस्टँड किंवा उलटी ताटली ठेवा, पाणी घालायचं नाही. झाकण लावून मध्यम आचेवर ८-१० मिनिटं तापवा, टिन स्टँडवर ठेवा आणि आच मंद करा. ४० ते ५० मिनिटं लागतात. झाकणावर वाफेचं पाणी जमून केकवर ठिबकतं, म्हणून झाकणाला आतून सुती कापड बांधा आणि त्याची टोकं वर घेऊन घट्ट गाठ मारा. ज्योतीजवळ लोंबता कामा नयेत. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढलीच पाहिजेत. नॉनस्टिक भांडं असं कोरडं तापवू नका, त्याचा थर खराब होतो आणि धूर आरोग्याला वाईट. पातेल्यातला केक वरून ओव्हनइतका खरपूस होत नाही, आतून मात्र तितकाच मऊ असतो.

फक्त मायक्रोवेव्ह असेल तर कॉफीच्या मगातला केक करा. ४ मोठे चमचे मैदा, ३ साखर, २ कोको, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, ४ मोठे चमचे पाणी किंवा दूध, २ तेल. मोठ्या मगात कालवा, तो अर्ध्याच्या वर भरता कामा नये. ८०० वॅटला ७० सेकंद, मग दहा-दहा सेकंद वाढवत जा. वरचा भाग किंचित ओला दिसत असतानाच थांबवा, बाकीचा आतल्या उष्णतेने होतो. हा केक वरून तपकिरी होत नाही. तो रंग यायला १४० अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि पाण्याने भरलेलं मिश्रण मायक्रोवेव्हमध्ये १०० च्या फार वर जात नाही. लगेच खा, थंड झाल्यावर रबरासारखा होतो. रात्री अडीचला असाइनमेंट करणाऱ्या रूममेटच्या शेजारी दोन चमच्यांसकट ठेवायला याच्यासारखं काही नाही.

बिघडला तर

मधे बसला असेल तर दार लवकर उघडलं, किंवा कमी भाजला, किंवा सोडा जास्त पडला. वर उंच घुमट येऊन फुटला असेल तर आच जास्त होती, पुढच्या वेळी १७० ला लावा. कॉमन किचनमधले ओव्हन आकड्यापेक्षा बरेच कमी-जास्त तापतात. दडस झाला तर सोडा जुना, किंवा मिश्रण वाट बघत राहिलं. करपला तर वरचा थर सुरीने काढून टाका आणि उरलेल्याचे चौकोनी तुकडे करा, कुणी नाही म्हणत नाही.

मित्रांमध्ये

सामानाचा खर्च आणि भांडी, या दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. गोड बोलून एकाच मुलीवर दर महिन्याचा केक ढकलला जातो, हे मी पाहिलेलं आहे, आणि तिच्या मनात साचत जातं. आमच्याकडे नियम असा होता: करणाऱ्याने घासायचं नाही. सामान सगळ्यांच्या पैशांतून. आणि किचनमध्ये येऊन जो कुणी "काही मदत करू?" विचारेल, त्याच्या हातात लगेच चाळणी द्यायची.

भांडण मिटवायला केक न्यायचा असेल तर आधी "चुकलं माझं" म्हणा, मग डबा पुढे करा. उलट क्रमाने केलं तर समोरच्याला लाच दिल्यासारखं वाटतं. शक्य असेल तर तयार केक नेऊच नका, करायला बोलवा. नजरेला नजर न देता शेजारी उभं राहून साखर मोजताना जे बोलता येतं, ते समोरासमोर खुर्चीत बसून बोलता येत नाही. आणि नव्याने आलेल्या, कुणाशीच ओळख नसलेल्या मुलांना बोलवायला विसरू नका. दाराशी घुटमळणाऱ्याला आत घ्यायला "अरे, जरा टाइमर बघशील का?" एवढं पुरतं.

आवडत्या माणसासाठी

इथे मी काळजीने लिहिते आहे. कुणी आवडायला लागलं की पूर्ण केक, त्यावर नाव, वर्गातल्या सगळ्यांसमोर देणं, असं काहीतरी करावंसं वाटतं. करू नका. सगळ्यांसमोर मिळालेल्या केकला 'नको' म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला काही अर्थ उरत नाही. एक तुकडा द्या, छोट्या डब्यात, एकट्याला भेटलात तेव्हा. "काल केला होता, तुझ्यासाठी राखून ठेवला" हे वाक्य पुरेसं स्पष्ट आहे. ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतं, आणि नको असेल तर मैत्रीतला तुकडा म्हणून तो खाऊनही टाकता येतो. लगेच उत्तर मागू नका. आणि पुढे कधी मनातलं बोललात आणि 'नाही' ऐकलंत, तर केकची आठवण काढू नका. मेहनत तुमची होती, म्हणून समोरच्यावर तिचं ओझं पडत नाही.

तुकडा आदल्या दिवशीचाच न्या. हा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. लोणी थंडीत घट्ट होतं, तेल होत नाही, त्यामुळे तो मऊच राहतो. बंद डब्यात दोन-तीन दिवस बाहेर टिकतो. फ्रिजमध्ये ठेवलात तर उलट लवकर कडक होतो. वर ग्नाश (चॉकलेट आणि क्रीमचा मऊ थर) हवं असेल तर १०० ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे करा, १०० मिली क्रीम उकळी येण्याच्या बेतात असताना त्यावर ओता, दोन मिनिटांनी मधोमधून सुरुवात करून हळूहळू हलवा. फक्त लक्षात असू द्या, क्रीम घातलं की केक बिनदुधाचा राहिला नाही, आणि मग तो बाहेर ठेवताही येत नाही.

आवडतं माणूस दुसऱ्या शहरात असेल तर केक पाठवू नका, प्रवासात भुगा होतो. बिस्किटं पाठवा. वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, इतकंच लक्षात ठेवायचं: ५० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम मऊ लोणी, १५० ग्रॅम मैदा, चिमूट मीठ. लोणी-साखर फेटा, मैदा घालून गोळा जमेल इतपतच हाताने एकत्र करा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, जाडसर लाटून कापा आणि १६५ अंशांना २० मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत भाजा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा आणि रिकामी जागा कागदाने गच्च भरा. बिस्किटं हलली तर तुटतात. आठवडाभर खुसखुशीत राहतात.

आणि दोघांचं जुळलंच, तर एकमेकांसाठी करण्यापेक्षा एकत्र करा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने कालवायचं, पुढच्या वेळी अदलाबदल. माणूस चुकल्यावर कसा वागतो, दुसऱ्याची चूक झाली तर काय बोलतो, घासायची भांडी दिसल्यावर कुठे जातो, हे एका संध्याकाळी दिसतं. त्यासाठी अर्धं प्रमाण देते. १५ सेंमीचा टिन, ९५ ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, २ मोठे चमचे कोको, अर्धा छोटा चमचा सोडा, पाव छोटा चमचा मीठ, १२० मिली पाणी, ४० मिली तेल, दीड छोटा चमचा व्हिनेगर, अर्धा छोटा चमचा इसेन्स. १८० अंशांनाच, २५ ते २८ मिनिटं. टिन लहान असला तरी मिश्रणाची जाडी जवळपास तेवढीच असते, म्हणून वेळ अर्धी होत नाही. पहिली टूथपिक २४ व्या मिनिटाला घाला.